हरकत नोंदवून उपयोग काय?

मासेमारीच्या नियमांचा एखादा मसुदा राजपत्रात आला आणि त्याखाली ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे वाक्य दिसले, की मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. कधी एखादा नाखवा विचारतो, कधी मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी, कधी मच्छीमार सहकारी सोसायटीचा सचिव: हे सगळे आधीच ठरलेले असते ना, मग लिहून उपयोग काय? गेली काही वर्षे मी मच्छीमारांना अशा हरकती लिहायला मदत करत आलो आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. उपयोग होतो, मात्र संपूर्ण नियम उलटवू पाहणारी हरकत सहसा वाया जाते, आणि नियमातील एका कलमाला हात घालणारी हरकत पुष्कळदा कामी येते.

आधी अधिकार कोणाचा ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्य सूचीतला विषय आहे आणि प्रादेशिक जलधीच्या, म्हणजे १२ सागरी मैलांच्या, पलीकडची मासेमारी केंद्राकडे आहे. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या पाण्यात कोणती नौका, कोणते जाळे, कोणता हंगाम, हे राज्य ठरवते. त्यासाठी १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. निर्बंध घालताना शासनाने कशाचा विचार करावा हेही या कायद्याच्या गाभ्यात आहे: मासेमारीवर जगणाऱ्या वेगवेगळ्या घटकांचे, विशेषतः पारंपरिक नौका वापरणाऱ्यांचे हित, माशांचे संवर्धन आणि समुद्रातील कायदा व सुव्यवस्था. हरकत लिहिणाऱ्याने हे निकष डोळ्यांसमोर ठेवावेत, कारण मंत्रालयात फाइल पुढे सरकवणारा अधिकारी आपले टिपण याच निकषांच्या भाषेत लिहितो. ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ हे वाक्य खरे असले तरी त्या टिपणात त्याला जागा मिळत नाही.

ऐकून घेण्याचे बंधन शासनावर किती आहे, हाही प्रश्न याला जोडूनच येतो. ज्या कायद्यात नियम करण्यापूर्वी ‘पूर्वप्रसिद्धी’ची अट असते, तेथे मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल हे सांगावे लागते आणि मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार करावाच लागतो. विचार करण्याचे बंधन आहे, मान्य करण्याचे नाही; आणि ही अट प्रत्येक आदेशाला लागू नसते, म्हणून समोरचा कागद मसुदा नियमांचा आहे की थेट आदेशाचा, हे प्रथम पाहावे. केंद्राने २०१४ मध्ये कायदे करण्यापूर्वीच्या विचारविनिमयाचे जे धोरण स्वीकारले, त्यात किमान ३० दिवसांची मुदत आणि सोप्या भाषेतील स्पष्टीकरण अपेक्षित धरले आहे. राज्यांवर ते बंधनकारक नसले तरी वाढीव मुदत मागताना त्याचा दाखला देता येतो.

आता चांगली हरकत कशी असते, ते एका उदाहरणाने सांगतो. जाळ्याच्या आसाचा, म्हणजे विणीतल्या भोकाचा, किमान आकार ठरवण्याचा प्रस्ताव आला असे समजा. हेतू योग्य आहे: बारीक आसातून पिल्ले निसटत नाहीत, ती वाढण्यापूर्वीच मरतात आणि पुढच्या वर्षीची पकड घटते. परंतु पालघरपासून रायगडपर्यंतच्या पट्ट्यात डोल चालते. हे पिशवीसारखे जाळे खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडी उभे केलेले असते. ते माशाच्या मागे धावत नाही, भरती-ओहोटीचे पाणीच मासळी त्याच्यात आणून सोडते. म्हणूनच डोल उधाणात, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, भरते आणि भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, मंदावते. तिच्या खोल्यात, म्हणजे पिशवीच्या शेवटच्या टोकात, येणारा जवळा (बारीक कोळंबी) पूर्ण वाढला तरी दोन-तीन सेंटीमीटरच्याच आसपास असतो. ट्रॉलरला, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौकेला, डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला आस डोलीला जसाच्या तसा लावला, तर जवळ्याची मासेमारी कायद्याच्या एका ओळीने संपते, आणि त्यातून संवर्धन काहीच होत नाही, कारण तो जवळा पिल्लू नव्हताच.

इथपर्यंतची हरकत बहुतेक सर्वांना सुचते. अडचण पुढे आहे. त्याच बारीक खोल्यात बोंबलाची आणि पापलेटची पिल्लेही येतात, हे डोलकरांना शास्त्रज्ञांइतकेच ठाऊक आहे. जी हरकत हे लपवते, तिच्यावर विभागाचा शास्त्रीय अभिप्राय एका परिच्छेदात फुली मारतो. जी हरकत हे मान्य करून ‘जवळ्याच्या महिन्यांत बारीक आसाला परवानगी द्या, पिल्ले अधिक येतात त्या महिन्यांत खोल्याचा आस मोठा ठेवण्याची सक्ती करा, आणि ते महिने जिल्हानिहाय ठरवा’ असे सुचवते, ती अधिकाऱ्याच्या हातात एक तयार पर्याय देते. माझ्या मते सरकारी फाइलवर तयार पर्यायाला जेवढे वजन असते तेवढे मोर्चालाही नसते. मोर्च्याने मुदत वाढते. मजकूर बदलायचा तर कोणीतरी पर्यायी मजकूर लिहून द्यावा लागतो.

किमान आकारमानाचे उदाहरण याहून ताजे आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी निश्चित केली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्य माशाचा दर्जाही मिळाला. असा मसुदा हाती आला की प्रश्न विचारायचे ते असे: लांबी शेपटीच्या टोकापर्यंत मोजायची की शेपटीच्या खाचेपर्यंत? पापलेटच्या शेपटीचा खालचा फाटा लांब असतो, त्यामुळे एकच मासा एका मोजमापाने कायद्यात बसतो आणि दुसऱ्याने बसत नाही. शेकडो किलोंच्या राशीत काही मासे आखूड निघाले तर गुन्हा कशाचा, एका माशाचा की ठराविक प्रमाणापुढच्या हिश्शाचा? जाळ्यातून मेलेलाच वर आलेला मासा समुद्रात फेकायचा की बंदरात आणायचा? ही खुसपटे नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर १९८१ च्या कायद्यातील दंड लाखांच्या घरात गेले आहेत, मासे खेचून घेणाऱ्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीला तर २० लाख रुपयांपर्यंत. आणि दंड असा असताना मोजण्याची पद्धत नियमातच लिहिलेली नसणे म्हणजे ती बंदरावरच्या वादावर सोपवणे होय.

एकाच मजकुराच्या छापील पत्रांवर शेकडो सह्या घेऊन गठ्ठा पाठवण्याची पद्धत मला फारशी पटत नाही. अशा पत्रांची नोंद साधारणपणे ‘समान आशयाच्या हरकती’ अशी एका ओळीत होते. संख्या दाखवायचीच असेल तर सोसायटीचा ठराव पुरेसा आहे. उरलेली शक्ती पाच जणांनी आपापल्या जाळ्याबद्दल पाच वेगळी पत्रे लिहिण्यात घालवावी.

‘मच्छीमारांचे मत’ असे एकच मत नसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीन (थव्याला घेरून तळाशी आवळले जाणारे मोठे जाळे) मासेमारीवर निर्बंध आले आणि तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला गेला. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाचा त्याला आधार होता. रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे) आणि छोट्या जाळ्यांच्या मच्छीमारांनी या निर्बंधांचे स्वागत केले, पर्ससीनधारकांनी आपला धंदा बुडाल्याचे सांगितले, आणि दोन्ही बाजूंना कोळी, गाबीत, दालदी अशा मच्छीमार समाजांच्याच घरांतली माणसे होती. अशा वेळी समोरच्याला खलनायक ठरवणारे पत्र निरुपयोगी ठरते. कोणत्या खोलीत, कोणत्या महिन्यात, कोणाची जाळी कोणामुळे तुटली, हे सांगणारे पत्र उपयोगी पडते, कारण क्षेत्र आणि वेळ वाटून देता येतात, राग वाटून देता येत नाही.

या पद्धतीत दोष आहेत आणि ते मी झाकणार नाही. मुदत अनेकदा ऐन हंगामात येते, तेव्हा तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशी समुद्रात असतात आणि मसुदा बंदराच्या फलकावर पोहोचेपर्यंत मुदतीतले कितीतरी दिवस उलटलेले असतात. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. मसुदे त्या दोन महिन्यांत काढले तर निम्मा प्रश्न सुटेल. केंद्राकडून येणाऱ्या मसुद्यांत भाषेचा अडसर आणखी असतो. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाला, तो आठव्या अनुसूचीतील भाषांतही उपलब्ध करा, असे सांगावे लागले होते. आणि ज्यांचे म्हणणे जवळजवळ कधीच नोंदले जात नाही अशा मासळी विकणाऱ्या व सुकवणाऱ्या स्त्रिया आहेत. जवळ्यावर बंधन आले तर पहिला फटका त्यांच्या वाळवणाला बसतो, पण सोसायटीचे सभासदत्व बहुधा नौकेच्या मालकाकडे असते आणि पत्रही त्याच्याच नावाने जाते. हरकत लिहायला बसताना मी आता आग्रह धरतो, की सुक्या मासळीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला शेजारी बसवा. महिन्यागणिक किती जवळा येतो हे तिच्याइतके नेमके कोणी सांगत नाही.

राहिला प्रश्न पत्र पाठवल्यानंतरचा. पत्राच्या प्रतीवर मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयाचा आवक क्रमांक आणि तारीख घ्या. मुदतीत दिल्याचा तेवढाच पुरावा हाती राहतो. अंतिम अधिसूचना निघाली की मसुद्याशी ती ओळीने ताडून पाहा. तुमची सूचना घेतलेली नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली हरकतींचा गोषवारा आणि त्यावरील टिपणे मागा. २००५ च्या त्या कायद्याचे कलम ४ तर जनतेवर परिणाम करणाऱ्या महत्त्वाच्या धोरणांमागील तथ्ये सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करावीत असे सांगते. टिपणात नकाराचे कारण लिहिलेले असेल, तर पुढची दुरुस्ती मागताना नेमके कशाला उत्तर द्यायचे ते कळते. कारणच लिहिलेले नसेल, तर न्यायालयात जाणाऱ्याच्या अर्जात तुमचे ते आवक क्रमांक असलेले पत्र जोडपत्र म्हणून लागते.