पिकअपचं नाक वर घेतलं: चालीत नेमका काय फरक पडला

आधी मापं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांवरच झाले. पुढच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत 500 मिमी. जमिनीपासून मोजत नाही. टायरमधली हवा कमीजास्त झाली की ते माप हलतं, हबपासूनचं हलत नाही. दाराखालच्या पट्टीवर दोन्ही टोकांना मोजून 3100 मिमी व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) हिशेब केला, तर रिकाम्या गाडीचं नाक 45 मिमी खाली निघालं. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइलओव्हर (शॉकअप आणि त्याभोवती बसलेली स्प्रिंग, यालाच पुढे स्ट्रट म्हटलंय), मागे सरळ ॲक्सल आणि कमान पाटे.

हा उतार कंपनीने विचार करून ठेवलेला असतो. हौद्यात माल पडला की पाटे बसतात आणि गाडी सपाट होते. माझ्या गाडीचा हौदा बराच वेळ रिकामा असतो आणि पुढचं बंपर चढावर फार लवकर टेकतं, म्हणून नाक वर घ्यायचं होतं. पण चाल बिघडवून नाही.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं माप घेतलं, जे बहुतेक जण घेत नाहीत. चॅसीखाली जॅक लावून चाक पूर्ण लटकू दिलं आणि तेच हबपासूनचं अंतर पुन्हा मोजलं: 585. म्हणजे उभ्या गाडीत चाकाला खाली जायला 85 मिमी जागा आहे. यालाच ड्रूप म्हणतात. शॉकअप तेवढाच लांब ठेवून नाक जितकं वर घ्याल, तितका ड्रूप कमी होतो. वर जायची जागा तेवढीच वाढते, हेही खरं. लेव्हलिंगनंतर, म्हणजे नाक उचलून गाडी सपाट केल्यावर, चाल कडक झाली की सौम्य, याचं उत्तर मला तरी या देवाणघेवाणीतच सापडलं.

स्प्रिंग जास्त दाबली म्हणून गाडी कडक झाली, असं सर्रास म्हटलं जातं. ते पटत नाही. गाडी चार चाकांवर उभी असताना स्प्रिंगवर येणारं वजन आधी होतं तेवढंच आहे, त्यामुळे तिची लांबीही जवळपास तेवढीच राहते. खालची बैठक वर सरकवली की स्प्रिंग आणखी दाबली जात नाही, गाडी उचलली जाते. जादा दाब फक्त चाक पूर्ण लटकल्यावर असतो. टॉर्शन बारच्या (स्प्रिंगऐवजी पिळणारी सळई असलेल्या) गाड्यांतही हाच हिशेब: बोल्ट आवळून बार कडक होत नाही, आर्म खाली ढकलला जातो.

स्ट्रटच्या डोक्यावर बसणारा स्पेसर, म्हणजे जाड चकती, सोपा आहे, स्प्रिंग सोडावी लागत नाही. तरी मी तो टाळला. त्यात उभ्या गाडीत शॉकअपचा दांडा मूळ जागीच राहतो, म्हणून रोजच्या चालीत फरक फारसा कळत नाही. पण पूर्ण लटकल्यावर आर्म मूळ मर्यादेच्याही खाली जातो. तिथे वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) आणि सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा) कधी आखलेच नव्हते अशा कोनात जातात. वरच्या टोकालाही अडचण आहे. चॅसीवरचा बंप स्टॉप (वर येणाऱ्या चाकाला थांबवणारा ठोकळा) जागचा हलत नाही, मग त्याला टेकेपर्यंत स्ट्रटला स्पेसरच्या जाडीएवढं जास्त दबावं लागतं आणि तो आतून तळाला लागू शकतो. जाड स्पेसर घालणाऱ्यांनी हे दोन्ही टोकांना तपासावंच.

मी मूळ लांबीचाच, पण आट्यांवर फिरणारी बैठक असलेला कॉइलओव्हर घेतला. स्प्रिंग मूळच्याच ताकदीची, म्हणजे तुलना सरळ होते. स्ट्रट खालच्या आर्मवर चाकापासून आत बसतो. माझ्या गाडीत स्ट्रट 55 मिमी दबला की चाक साधारण 100 मिमी वर जातं. त्यामुळे नाक 45 मिमी उचलायला बैठक 25 मिमी फिरवली, पुढे 28 साठी 15 पुरली. फिरवताना वजन उतरवून, आट्यांतली माती ब्रशने काढून, वंगण लावूनच फिरवा. कोरड्या आट्या एकदा धरल्या की रिंग खराब होते.

दोन्ही उंची मुद्दाम चालवून पाहिल्या. पूर्ण सपाट, म्हणजे 45 मिमीवर, गाडी दिसायला सुरेख. मोठ्या खोलगट खड्ड्यात तर ती मूळपेक्षा चांगली चालली, बंप स्टॉपचा दणका जवळपास गेला. पण स्पीडब्रेकर उतरताना पलीकडे चाक खाली पडलं की पुढून कोरडा ‘टक्’ येतो. 85 मधले 40 च उरलेले, शॉकअपचा दांडा पूर्ण बाहेर येऊन आपटतो. फुटलेल्या डांबरावर तर हे सतत होतं: चाक खड्ड्यात शिरायच्या आत ड्रूप संपतो आणि अख्खं नाकच खाली येतं. लोक ज्याला कडकपणा म्हणतात तो हाच. स्टिअरिंगलाही ओढ जाणवली, एका बाजूचं चाक वर गेलं की जास्त. आर्म तिरके झाले की वर जाताना चाक बाहेरही सरकतं, त्याचा हा परिणाम.

28 मिमीवर 57 ड्रूप उरला. टक् गेला. अगदी चढ्या गतीत रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना कधीतरी ऐकू येतो. खोल खड्ड्यातला फायदा बराचसा टिकला. हीच उंची कायम ठेवली.

आता एक काम, ज्याने चाल खरोखर सुधारली. खालच्या आर्मचे बुश (आर्म चॅसीला जिथे जोडतो तिथले सांधे) रबराचे असतात आणि आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते. रबर घसरत नाही, पिळतं. नाक उचललं की ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं, स्वतःच जादा स्प्रिंग होऊन बसतं आणि लवकर फाटतं. म्हणून उंची ठरल्यावर गाडी चाकांवर उतरवली, थोडी पुढेमागे ढकलून टायर मोकळे होऊ दिले आणि मग ते बोल्ट सैल केले. एका बोल्टला पाना फिरवताना आतून रबराने ‘करर्’ करून सुटका घेतली आणि तो कोपरा डोळ्यांदेखत किंचित वर आला. तिथेच, चाकांवर उभ्या गाडीत, टॉर्क रेंचने आवळले. बोल्टवर कॅमची (फिरवून आर्म किंचित सरकवणाऱ्या चकतीची) जागा असल्याने आधी रंगाने खूण केली होती, ती करायलाच हवी.

त्यानंतर अलाइनमेंट. कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) धनाकडे गेला होता, कास्टर (बाजूने दिसणारा स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) कमी झाला होता. कास्टर कमी असला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत यायला आळस करतं. कॅमवर दोन्ही जागेवर आले, टो (वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळली आहेत ते) शेवटी लावला. हेडलाइट विसरू नका: 28 मिमी म्हणजे 3100 च्या व्हीलबेसवर उजेड दर 10 मीटरला 9 सेंमी वर चढतो. 50 मीटरवर हा फरक समोरच्याच्या डोळ्यांत जातो. भिंतीवर मूळ रेषा आधीच काढून ठेवली होती, म्हणून काम सोपं झालं. पुढे रडार किंवा कॅमेरा असणाऱ्यांनी त्याचं कॅलिब्रेशनही पाहावं. ब्रेकचे पाइप आणि एबीएसची वायर पूर्ण लटकलेल्या चाकाला, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून पाहिली, ताण नाही.

हौदा भरल्यावर मागची बाजू सुमारे 50 मिमी बसते. पूर्वी अशा वेळी गाडी जवळपास सपाट व्हायची. आता नाक 30 मिमीहून थोडं वर राहतं आणि वेगात स्टिअरिंग जरा हलकं वाटतं. म्हणून 17 मिमी उतार शिल्लक ठेवला याचं समाधान आहे. जे रोज ओझं नेतात त्यांनी नाक उचलण्याआधी मागचे पाटे बघावेत.

पुढचं काम शॉकअपचं. उंची हीच ठेवून थोडा लांब दांडा असलेला बसवायचा, म्हणजे गेलेल्या 28 पैकी 15 मिमी तरी ड्रूप परत मिळेल. त्याआधी स्प्रिंगशिवाय आर्म हाताने खाली नेऊन वरच्या बॉल जॉइंटला आणि सीव्हीला तिथे किती जागा उरते ते मोजतो आहे. आकडे आले की टाकतो.