घटना समिती: मसुद्याच्या आधीचे नियम

मराठीत ‘घटना समिती’ हा शब्द रुळलाय खरा, पण त्यानं थोडा घोटाळाही केलाय. समिती म्हटलं की पाच-सात माणसं टेबलाभोवती बसलेली डोळ्यांपुढे येतात. म्हणूनच ‘डॉ. आंबेडकर घटना समितीचे अध्यक्ष’ असं सर्रास लिहिलं जातं. ते मसुदा समितीचे अध्यक्ष. घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद. मसुदा समिती सात जणांची, घटना समिती फाळणीनंतर २९९ जणांची. तेव्हा इथं संविधान सभाच म्हणू.

कायदेमंडळ चौकटीत राहून कायदे करतं, संविधान सभा ती चौकटच ठरवते. हा फरक फार आधी ओळखला तो मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावाच्या सभेनं, ऑक्टोबर १७७६ मध्ये. युक्तिवाद सरळ होता: घटना असते सरकारपासून नागरिकांना वाचवायला, कायदेमंडळानंच ती केली तर उद्या तेच ती मोडेल, मग संरक्षण कसलं? तरी कायदेमंडळानं मसुदा केलाच. १७७८ मध्ये गावांनी तो फेटाळला. पुढच्या वर्षी वेगळी सभा निवडली गेली, तिचा मसुदा गावसभांपुढे गेला आणि १७८० मध्ये घटना लागू झाली. दुरुस्त्यांसह ती आजही चालू आहे.

घटना लिहिणारेच तिच्यात आपली सोय पाहतील, या धोक्यावर फ्रान्सच्या सभेनं आणखी कडक उपाय केला. मे १७९१ मध्ये तिनं ठरवलं की आपल्यापैकी कोणीही पुढच्या कायदेमंडळात निवडून जायचं नाही. हेतू उत्तम. पण नवी घटना चालवायला बसले ते सगळे नवखे, आणि ती राजवट वर्षभरही टिकली नाही. अर्थात दोष एकट्या या नियमाचा नव्हता. राजालाच ती घटना मनापासून नको होती.

उलट टोकाला, घटना लिहिणारी सभाच संसद म्हणूनही काम करते, आणि बहुतेक गाडी रुतते ती इथं. नेपाळची ६०१ जणांची सभा २००८ मध्ये दोन वर्षांसाठी निवडली गेली. ती संसदही असल्यानं मंत्रिमंडळं बनवणं आणि पाडणंही तिच्याच माथी. संघराज्यातल्या प्रांतांच्या सीमांवर घोडं अडलं, मुदत वारंवार वाढली, शेवटी सर्वोच्च न्यायालयानं ‘आता बास’ म्हटलं आणि २८ मे २०१२ ला सभा घटनेविनाच संपली. घटना आली ती दुसऱ्या सभेकडून, २०१५ मध्ये. इस्रायलची सभा तर १९४९ मध्ये निवडून आल्यावर महिन्याभरातच स्वतः संसद झाली. एकसंध लिखित घटना तिथं आजही नाही.

भारतातही माणसं तीच होती, पण बैठका वेगळ्या ठेवल्या. घटनेचं काम असेल तेव्हा अध्यक्षस्थानी राजेंद्र प्रसाद, कायद्याचं असेल तेव्हा सभापती मावळंकर. कामाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी विषयवार समित्यांचे अहवाल आणि त्यांतल्या तत्त्वांवर चर्चा. मग सल्लागार बी. एन. राव यांचा कच्चा मसुदा. त्यावर मसुदा समितीचा हात. फेब्रुवारी १९४८ मध्ये तो लोकांपुढे. मग कलमवार वाचन. तत्त्वं ठरण्याआधी कलमांची भाषा हातात घेतली की स्वल्पविरामाच्या भांडणात खरी भांडणं शिरतात. सभेकडे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे सगळं २६ नोव्हेंबर १९४९ ला, तीन वर्षांच्या आत, आटोपलं.

पाकिस्तानच्या सभेला मात्र सात वर्षांनीही शेवट गाठता आला नाही. सप्टेंबर १९५४ मध्ये तिनं गव्हर्नर जनरलच्या अधिकारांना कात्री लावली; २४ ऑक्टोबरला त्यानं सभाच बरखास्त केली. सार्वभौम असल्याचा ठराव सभा करू शकते, पण लष्कर आणि नोकरशाही कोणाचं ऐकतात हे ठरावात लिहिलेलं नसतं.

दोन-तृतीयांश बहुमताच्या अटीवरही फार भरवसा ठेवू नये. चिलीमध्ये २०२१ च्या सभेत १५५ जागा होत्या. उजव्या आघाडीला मिळाल्या ३७. ठराव अडवायला लागणाऱ्या एक-तृतीयांशापेक्षा बऱ्याच कमी. म्हणजे तडजोड करायला लावणारी अट कागदावर होती, पण तडजोडीवाचून कोणाचंच अडत नव्हतं. त्यात सभेच्या निवडणुकीत मतदान ऐच्छिक, तर अखेरच्या सार्वमतात सक्तीचं. निवडणुकीला घरी बसलेले लाखो लोक थेट निकालाच्या दिवशी आले. ३८८ कलमांचा मसुदा सुमारे ६२ टक्क्यांनी फेटाळला.

अल्पमतातल्यांच्या हाती काहीच न उरण्याचा हा धोका दक्षिण आफ्रिकेनं आधीच ओळखला होता. अल्पसंख्य गोऱ्यांना निवडणुकीआधी हमी हवी होती, बहुसंख्यांना निवडून आलेल्या सभेचीच घटना हवी होती. तोडगा निघाला ३४ तत्त्वांचा: ती वाटाघाटीत आधीच ठरली, आणि सभेचा मसुदा त्यात बसतो का हे घटनात्मक न्यायालयानं तपासायचं. मे १९९६ मध्ये मसुदा मंजूर झाला. सप्टेंबरमध्ये न्यायालयानं तो परत पाठवला. प्रांतांचे अधिकार ठरल्यापेक्षा कमी केलेत, हे त्यातलं एक कारण. सभेनं ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती केली आणि डिसेंबरमध्ये शिक्कामोर्तब झालं.