कॅलिफोर्नियातली डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवण्याची) केस : भाच्याबरोबर घेतलेला अनुभव

माझा भाचा एच-१बी व्हिसावर सनीव्हेलला नोकरी करतो. शनिवारी रात्री मित्राकडून परतताना पोलिसांनी त्याची गाडी थांबवली. श्वासाच्या चाचणीत रक्तातल्या दारूचं प्रमाण ०.११ टक्के निघालं. कॅलिफोर्नियात मर्यादा ०.०८ आहे. सकाळी सुटल्यावर त्याने आईला सांगायच्या आधी मला फोन केला. "मामा, दंड भरून मिटेल ना?"

नाही मिटत. त्याचा परवाना पोलिसांनी काढून घेतला होता आणि बदल्यात एक गुलाबी कागद दिला होता, तीस दिवसांचा तात्पुरता परवाना. तो कागद नीट वाचा. दहा दिवसांत डीएमव्हीकडे, म्हणजे परवाने देणाऱ्या वाहन खात्याकडे, सुनावणी मागितली नाही, तर तीस दिवसांनी परवाना आपोआप निलंबित होतो. पुष्कळ जण कोर्टाच्या तारखेकडे डोळे लावून बसतात आणि ही मुदत हातची जाते. डीएमव्हीची कारवाई कोर्टापेक्षा वेगळी चालते. आम्ही सोमवारीच वकील गाठला, अर्ज गेला आणि निकालापर्यंत निलंबन थांबलं.

सुनावणीत मोजकंच बघतात : थांबवायला सबळ कारण होतं का, अटक कायदेशीर होती का, प्रमाण ०.०८ किंवा जास्त होतं का. मुलगा सज्जन आहे, पहिलीच वेळ आहे, याला तिथे जागा नाही. निकाल विरुद्ध गेला, चार महिने निलंबन. गाडीत इंटरलॉक बसवून घेतल्यामुळे कामावर जाता आलं. त्या यंत्रात फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, आणि चालू गाडीतही ते मधूनच पुन्हा फुंकायला लावतं. चाचणीला नकार दिला असता, तर पहिल्याच वेळी परवाना वर्षभर गेला असता.

कोर्टात त्याने 'नो कॉन्टेस्ट' म्हटलं, म्हणजे गुन्हा कबूल न करता आरोपाला आव्हान दिलं नाही. मूळ दंड ३९० ते १,००० डॉलर असतो, पण त्यावर इतके अधिभार चढतात की रक्कम कित्येक पट होते. शिवाय प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या अटींखाली राहण्याचा काळ, आणि दारूच्या धोक्यांविषयीचा तीन महिन्यांचा वर्ग. कायद्यात सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासही आहे, तो टळला.

त्या दिवसाचं मनात राहिलं ते न्यायाधीशांनी वाचून दाखवलेलं. दारू पिऊन गाडी चालवणं माणसाच्या जिवाला धोक्याचं आहे, आणि यापुढे तू तसं केलंस व कुणी मेलं, तर तुझ्यावर खुनाचा आरोप ठेवता येईल. याला वॉटसन सूचना म्हणतात. १९८१ च्या वॉटसन खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा आरोप ग्राह्य धरला. भाच्याला ती समजल्याचं लिहून द्यावं लागलं. सही करताना त्याचा चेहरा उतरला. मला हा कायदा योग्य वाटतो. १९८० मध्ये याच राज्यात तेरा वर्षांच्या कॅरी लाइटनरला दारुड्या चालकाने चिरडलं आणि तिच्या आईने दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध 'मॅड' ही संघटना उभी केली. रस्त्यावर कुणाचं तरी लेकरू असतंच. त्या रात्री कुणाला इजा झाली नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो.

आपल्या लोकांना व्हिसाचा भाग सहसा माहीत नसतो. २०१५ पासून परराष्ट्र खातं नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकतं, दोष सिद्ध व्हायची वाट बघत नाही. भाच्याचा झाला. अमेरिकेतला मुक्काम त्याने लगेच बेकायदा होत नाही, पण बाहेर गेलं की परतायला नवा व्हिसा लागतो. त्या वर्षी गणपतीला तो सांगलीला गेला नाही, आणि तो का येत नाही, नव्या व्हिसासाठी डॉक्टरची तपासणी कशी लागेल, हे ताईला सांगावंच लागलं. ती रडली, मग म्हणाली, "डॉक्टरकडे जायचं असेल तेव्हा मी येते बरोबर." पुढे मुंबईत वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे दारूच्या सवयीची तपासणी झाली, त्यानंतर व्हिसा मिळाला. ताई सोबत होती.

गाडीचा विमा असल्याचं विमा कंपनीचं एसआर-२२ प्रमाणपत्र तीन वर्षं चालू ठेवायचं आहे, आणि दहा वर्षांत दुसरी केस झाली तर शिक्षा दुसऱ्या गुन्ह्याची लागेल. व्हिसाच्या अर्जात 'कधी अटक झाली आहे का' या प्रश्नापुढे मात्र त्याला दर वेळी 'हो' लिहावं लागेल, प्रोबेशन संपून कोर्टाने दोष मागे घेतला तरीही.