मिलीओहम, मेगाओहम आणि ईमॅक्स

परवा भोसरीतल्या मोटर बनवणाऱ्या क्लायंटच्या टेस्ट बेंचवरून फोन, "मॅडम, तुमच्या समरीत सगळ्या मोटरांचं इन्सुलेशन गेलेलं दिसतंय, इकडे मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) तर मस्त रीडिंग देतोय, डिस्पॅच थांबवू का?" बघितलं तर इन्सुलेशन ०.२ ओहम, म्हणजे सरळ शॉर्टच की! मूळ रिपोर्टात २०० मेगाओहम.

त्यांच्या लॉगरमध्ये (रीडिंग नोंदवणाऱ्या यंत्रात) वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स मिलीओहममध्ये येतो आणि इन्सुलेशनचा मेगाओहममध्ये, लिहिताना फरक फक्त एम स्मॉल की कॅपिटल एवढाच, पण किमतीत १०० कोटी पट. आमचं समरी काढणारं लिस्प फंक्शन ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये चालतं आणि तिथे केस-फोल्ड-सर्च हे व्हेरिएबल मुळातच टी (चालू) असतं, म्हणजे रेजेक्सला (शोधायच्या पॅटर्नला) स्मॉल-कॅपिटल सगळं सारखंच. पर्लसारखा पॅटर्नच्या आत फ्लॅग टाकायची सोय नाही, सगळं त्या बाहेरच्या व्हेरिएबलवर.

पण गंमत अशी की फंक्शनमध्ये लेट (व्हेरिएबलला तात्पुरती व्हॅल्यू देणारी लिस्पची रचना) लावून ते निल (बंद) केलेलं होतंच! टीममधली नवीन मुलगी म्हणाली, "ताई, स्क्रॅच बफरमधून (ईमॅक्सच्या कच्च्या कामाच्या पानावरून) चालवलं की बरोबर येतं, रिपोर्टच्या बफरमधून चालवलं की चुकतं." आणि हाताने आय-सर्च (टाइप करता करता होणारा शोध) करून बघावं तर कॅपिटल एम टाइप केल्या केल्या ईमॅक्स आपणहून केस पाळायला लागतं, त्यामुळे तिथे सगळं ठीकच दिसणार. ही हुशारी आय-सर्चची, आपल्या फंक्शनमधल्या री-सर्च-फॉरवर्डला ती नाही.

मग रिपोर्टच्या बफरमध्ये कंट्रोल-एच व्ही करून व्हेरिएबल बघितलं आणि तिथेच सापडलं, लोकल व्हॅल्यू टी, ग्लोबल पण टी. आधी कुणीतरी तिथे सेटक्यूने (व्हॅल्यू देणाऱ्या कमांडने) निल करून परत टी केलेलं. हे व्हेरिएबल सेट केलं की आपोआप त्या बफरपुरतं लोकल होतं, आणि मग लेट बदलतो ती त्या बफरची लोकल व्हॅल्यू. आपलं सर्च मात्र आत विथ-टेम्प-बफरमध्ये, म्हणजे वेगळ्या तात्पुरत्या बफरमध्ये, चालू, तिथे ग्लोबल टी जसंच्या तसं. स्क्रॅचमध्ये लोकल काही नव्हतं म्हणून लेटने ग्लोबलच निल केलं आणि उत्तर बरोबर आलं. किती बारीक आहे बघा!

लेट उचलून टेम्प बफरच्या आत टाकला, बास. माझं तर स्पष्ट मत आहे, जिथे सर्च तिथेच लेट, फंक्शनच्या तोंडाशी नको. आता समरी युनिट न ओळखता आलेली ओळ सोडून न देता थांबते, आणि भोसरीवाल्यांना सांगितलंय की लॉगरमध्ये जमत असेल तर मिली, मेगा पूर्ण अक्षरात छापा.