तसबिरीमागचा पुठ्ठा

ह्या पुढाऱ्यांच्या जुन्या तसबिरी इथं कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर दुकानात मी राजकारण बोलत नाही. गिऱ्हाईक मराठी-कानडी दोन्ही भाषांचं असतं.

बेळगावातल्या शहापुरात आमचं तसबिरींचं दुकान, वडिलांपासूनचं. गल्ल्यामागच्या भिंतीवर तीन तसबिरी कायमच्या लटकल्या आहेत: मोरारजी देसाई, देवेगौडा, मनमोहनसिंग. तिन्ही धंद्यातला तोटा. फोटो लॅमिनेट करायला आलेली पोरं वर बघतात आणि हमखास विचारतात, "मामा, खुर्ची गेलेल्यांना कशाला टांगून ठेवलाय? आता ह्यांचं काय चालतंय?"

चालतं. दिल्लीत किती ते दिल्लीवाले जाणोत, बेळगावात भरपूर चालतं.

मोरारजींचंच बघा. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि मुख्यमंत्री मोरारजी होते. त्याच वर्षी १७ जानेवारीला, बेळगाव महाराष्ट्रातच राहावं म्हणणाऱ्यांवर इथं गोळीबार झाला. हुतात्मा चौकात अजून त्या दिवशी फुलं वाहतात. १ नोव्हेंबर उजाडला तेव्हा आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात होतो आणि मोरारजीही मुंबईच्या गादीवरून उतरले होते. आमच्या वडिलांपुरता तो माणूस तिथंच संपला. पण १९७७ ला तेच पंतप्रधान झाले आणि एका कचेरीतून तसबिरीची ऑर्डर आली. वडिलांनी पट्टी कापली, हिऱ्यानं काच कापली आणि सगळं माझ्यापुढं सरकवलं. "तू ठोक खिळे. माझा हात चालायचा नाही." मी शाळकरी पोरगा, एक खिळा तिरका गेला आणि कोपऱ्यात काच तडकली. तीच ही भिंतीवरची. कचेरीला दुसरी करून दिली, ती मात्र वडिलांनीच, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत.

दोन वर्षांत पद गेलं. १९९५ ला मोरारजी वारले, नव्याण्णवाव्या वर्षी. संपलं म्हणावं, तर कर्नाटक सरकारच्या निवासी शाळांना त्यांचं नाव लागलं. आता आमच्याकडची पोरं सहावीसाठी प्रवेश परीक्षा देतात आणि आईबाप सांगतात, "पोराचा मोरारजीला नंबर लागला." ज्या नावाला गल्लीत शिव्या पडत, त्या नावाचे पेढे मी खाल्लेत. गोड होते, खोटं कशाला बोलू.

देवेगौडांची तऱ्हा वेगळी. पंतप्रधानपद सगळं मिळून साडेदहा महिने, जून १९९६ ते एप्रिल १९९७. त्यांच्या पक्षाचा बेळगावात जोर नाही. पण त्यांनी आमच्यासारखंच केलं, दुकान बंद केलं नाही, पोराला गल्ल्यावर बसवलं. २००६ ला कुमारस्वामी मुख्यमंत्री झाले, तेही भाजपला घेऊन. वडिलांच्या मनाविरुद्ध, असं तेव्हा बोललं गेलं. घरोघरी तेच. त्याच वर्षी विधिमंडळाचं पहिलं अधिवेशन बेळगावात भरलं. बेळगाव आपल्याला मिळावं म्हणून महाराष्ट्रानं २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा घातला होता, आमच्या समजुतीप्रमाणं हे त्याला उत्तर. पुढं हलग्याच्या माळावर त्या अधिवेशनासाठी सुवर्णसौध उभा राहिला. २०१८ ला २२४ च्या सभागृहात पदरी ३७ आमदार, तरी मुख्यमंत्री पुन्हा तोच मुलगा. अधिवेशन आलं की लॉज फुल्ल, आणि माझ्याकडं सत्काराच्या फ्रेमांची रांग. तक्रार करायला तोंड नाही.

खुर्चीशिवाय चालणं म्हणजे काय ते बघायचं तर मात्र टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी जा. १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष आयुष्यात एकदाच झाले, ते इथं. १९३४ ला त्यांनी साधं सभासदत्वही सोडलं. आणि १९३९ ला सुभाषबाबू पट्टाभी सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवून अध्यक्ष झाले, तेव्हा गांधीजी म्हणाले की पट्टाभींची हार ती माझीच. एप्रिलपर्यंत सुभाषबाबूंचा राजीनामा पडला होता. वडील नेताजींचे भक्त. हा किस्सा इथवर आला की तंबाखू मळायला घ्यायचे.

त्या अधिवेशनाची शताब्दी २६ डिसेंबर २०२४ ला झाली. शहरात दसऱ्यासारखी रोषणाई, देशभरचे पुढारी आलेले, दुसऱ्या दिवशी मोठी सभा. मी आठवडाभर गांधींच्या फ्रेमा ठोकत होतो. त्याच रात्री दिल्लीत मनमोहनसिंग वारले. उशिरा फोन आला. "मामा, मनमोहनसिंगांची एक पाहिजे, सकाळी. हार आम्ही आणतो." पुठ्ठा संपला होता. म्हणून एका सोसायटीची दुरुस्तीला आलेली जुनी फ्रेम उघडली. वर एक पंतप्रधान, त्यांच्या मागं आधीचे, त्यांच्याही मागं आणखी आधीचे. लोक जुना फोटो फेकत नाहीत, नवा वरून सरकवतात, पुठ्ठा वाचतो. त्यातला खालचा पुठ्ठा काढला आणि अंदाजानं दोन तसबिरी केल्या. एक गेली, एक ही राहिली. पुढारी रातोरात दिल्लीला पोचले, सभा रद्द झाली ती २१ जानेवारीला भरली.

मनमोहनसिंगांना मी मानतो. तरी सीमाभागातला माणूस म्हणून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. २०१० ला केंद्रानं कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, ते महाराष्ट्राच्या दाव्याविरुद्ध. सरकार त्यांचं होतं. २०१४ ला ते पायउतार झाले, आता तर तेही नाहीत. प्रतिज्ञापत्र फायलीत आहे. खटला चालूच आहे.

आणि ज्यांचं सगळ्यात जास्त चालतं, त्यांची तसबीर आजवर कुणी मागितली नाही. मेहरचंद महाजन. निवृत्त सरन्यायाधीश, त्याआधी १९४७-४८ ला जम्मू-काश्मीरचे पंतप्रधान, तेव्हा तिथं ते पद होतं. १९६६ ला त्यांना सीमाप्रश्नाच्या आयोगावर नेमलं, १९६७ ला त्यांनी अहवाल दिला आणि त्याच डिसेंबरात वारले. अहवालात बेळगाव म्हैसूरकडंच, निपाणी-खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला, आणि अक्कलकोटसकट २४७ इकडं. महाराष्ट्रानं फेटाळला, एक गाव हललं नाही. तरी दर १ नोव्हेंबरला, एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक आणि एकीकडं आमची काळ्या दिनाची फेरी, तेव्हा एक बाजू म्हणते महाजन अहवाल अंतिम, दुसरी म्हणते केराची टोपली. दोन्हीकडं नाव त्यांचंच. पोरं विचारतात, "महाजन कोण, किराणावाले?"

माझी बहीण खानापुरात दिलीय. महाजनांचं ऐकलं असतं तर ती महाराष्ट्रात आणि मी कर्नाटकात, राखीला यायचं तर राज्य ओलांडून. हे मी तिला गेल्या राखीला मोठ्या गांभीर्यानं समजावून सांगितलं. तिनं पिशवीतून करंज्यांचा डबा काढला.

"बरं झालं ऐकलं नाहीत ते. आता आधार दाखवते आणि कर्नाटकच्या बसनं फुकट येते की. तिकडं गेलो असतो तर बायकांचं अर्धं तिकीट पडलं असतं."