होपवेल: शेतकरी सभापती जॉन हार्टच्या गावाची एक दिवसाची फेरी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालात तर रूट १ ने आधी प्रिन्स्टन गाठा. दुपारनंतर नासाउ स्ट्रीटवर गाडी लावायला जागा मिळणे कठीण. आगगाडी 'डिंकी' शटलने प्रिन्स्टनपर्यंतच पोहोचते. होपवेलचे जुने स्टेशन उभे आहे, पण तिथे प्रवासी गाडी थांबत नाही. त्यामुळे पुढे स्वतःची गाडी हवीच.

नासाउ हॉल या आजच्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या इमारतीत ऑगस्ट १७७६ मध्ये न्यू जर्सीचे पहिले विधिमंडळ भरले आणि असेंब्लीने होपवेलच्या जॉन हार्ट या शेतकऱ्याला सभापती केले. त्याच महिन्यात फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही झाली होती. शालेय शिक्षण बेताचेच, पण १७६१ पासून दहा वर्षे वसाहतीच्या असेंब्लीत काढलेली. माणूस नवखा नव्हता. नासाउ हॉलच्या आत जाता येईल हे गृहीत धरू नका. मागे जाऊन दक्षिणेकडच्या भिंतीवरची तोफगोळ्याची खूण मात्र बघाच. ती ३ जानेवारी १७७७ च्या प्रिन्स्टनच्या लढाईतली.

मग रूट २०६ ने उत्तरेला आणि रूट ५१८ ने पश्चिमेला, की होपवेल. वेस्ट ब्रॉड स्ट्रीटवर जुने बाप्टिस्ट सभागृह आहे, त्याची जमीन १७४७ मध्ये हार्टनेच दिली. तिथल्या स्मशानभूमीत हार्टचा ग्रॅनाइटचा स्मारकस्तंभ आहे, ४ जुलै १८६५ ला उभारलेला. पाटी वाचायला वीस मिनिटे पुरतात. हार्ट अव्हेन्यूवरचे घर खासगी आहे. रस्त्यावरूनच पाहा, आवारात शिरू नका.

इथे एक दंतकथा हमखास कानावर येते: शत्रू दारात असताना हार्ट लपला आणि बायको मरणशय्येवर एकटी पडली. तारखा जुळत नाहीत. डेबोरा ८ ऑक्टोबर १७७६ ला वारली, ब्रिटिश फौज या भागात आली डिसेंबरच्या सुमारास. तो जवळच्या सोअरलँडच्या डोंगरात लपला, हे मात्र खरे. जून १७७८ मध्ये, ब्रिटिशांशी झालेल्या मॉनमथच्या लढाईआधी, वॉशिंग्टनचे सुमारे १२,००० सैनिक त्याच्याच शेतावर उतरले. पुढच्या मे महिन्यात तो गेला, तोही कर्ज मागे ठेवून.

तो डोंगर बघायचा तर हिल्सबरोकडून सोअरलँड माउंटन प्रिझर्व्हमध्ये शिरा. डायबेस या काळ्या कठीण खडकाच्या मोठाल्या शिळांवरून वाट आहे, पावसानंतर घसरते. चपला नकोत, घोटा धरणारे बूट घाला. गोचिडींपासून सांभाळा: पँट मोज्यात खोचा, परतल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत नीट तपासा. पाणी सोबत घ्या. संध्याकाळ होण्याआधी खाली या.