चिऊची उंची, दादाची एक्सेल शीट आणि डिस्ने

डिस्ने वर्ल्ड जिथे आहे ते ऑर्लँडो फ्लोरिडातल्या आमच्या टॅम्पापासून गाडीने सव्वा-दीड तासावर. त्यामुळे भारतातून कुणीही अमेरिकेत आलं, मग भले ते शिकागोला का उतरेना, की आम्हाला फोन ठरलेला: पोरांना डिस्ने दाखवायचंय, तुमच्याकडे मुक्कामाला येतो. येणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात. एकाने काहीच ठरवलेलं नसतं, "सकाळी उठून जाऊ की, त्यात काय!" दुसऱ्याने सगळंच ठरवलेलं असतं. माझा दादा दुसऱ्या तऱ्हेतला.

डिसेंबरात साताऱ्याला घरी गेले होते. शाहूपुरीतल्या घरी जेवणं उरकली, आईने बडीशेपेची डबी फिरवली आणि दादाने लॅपटॉप उघडून एक्सेल शीट समोर ठेवली. मे महिन्यात तो, वहिनी आणि माझी भाची चिऊ आमच्याकडे येणार आहेत. चिऊला तेव्हा नुकतंच चौथं पुरं झालेलं असेल. शीटमध्ये डिस्नेतल्या मॅजिक किंगडम या पार्कचा अख्खा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांनी कापून ठेवला होता. पावणेआठला पार्किंग, आठला मोनोरेल, सव्वाआठला सिंड्रेलाच्या राजवाड्यासमोर फोटो, पावणेअकराला "बाथरूम (सर्व)". वहिनीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "पोरीला शू पावणेअकराला लागणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तात्या चष्मा चढवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले आणि म्हणाले, "एवढं सगळं हितंच लिहून झालंय, मग जायचं कशाला?"

हसून झाल्यावर मी दादाचीच बाजू घेतली. निम्मी तरी. तिथे उठून गेलं आणि बघू म्हटलं, तर खिसा आणि पाय दोन्ही बोंबलतात. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग नव्हे, पंचवीस हजार एकरांच्या आसपासचा पसारा आहे. त्यात चार वेगवेगळे पार्क: १९७१ साली उघडलेलं मॅजिक किंगडम, १९८२ चं एपकॉट, १९८९ चं हॉलीवुड स्टुडिओज आणि १९९८ चं अ‍ॅनिमल किंगडम. शिवाय पाण्याचे दोन पार्क निराळे. साध्या तिकिटावर एका दिवसात एकाच पार्कात जाता येतं. मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर, तारखेप्रमाणे चढतं-उतरतं. तीन वर्षांखालच्या मुलांना फुकट, पण तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचं तिकीट मोठ्यांपेक्षा जेमतेम स्वस्त. म्हणून काय बघायचं याच्या आधी काय सोडायचं ते ठरवा. चार वर्षांचं मूल असेल तर माझ्या मते एपकॉट आणि हॉलीवुड स्टुडिओज खुशाल सोडा. एक दिवस मॅजिक किंगडम, आणि दुसरा दिवस परवडत असेल तर अ‍ॅनिमल किंगडम. तिथे उघड्या ट्रकमधून जिराफ-हत्ती दाखवत नेतात. शिवाय आशियाच्या भागात आनंदपूर नावाचं खोटं खोटं गाव उभारलंय, भिंतींचे रंग मुद्दाम उडवलेले. "हे बघायला एवढे पैसे भरले का?" असं आमच्या सासूबाईंनी तिथे उभं राहून विचारलं होतं.

तारीख मात्र बारकाईने बघावी आणि यात आपली मंडळी नशीबवान आहेत. आपल्याकडे मेच्या सुरुवातीला शाळांना सुट्टी लागलेली असते, पण इथल्या बहुतेक शाळा तेव्हा चालू असतात. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी येते, तिथून पुढे अमेरिकन कुटुंबं बाहेर पडतात. म्हणजे मेचे पहिले दोन-तीन आठवडे त्यातल्या त्यात सुटसुटीत. दिवाळीच्या सुट्टीत येणार असाल तर नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा थँक्सगिव्हिंगचा आठवडा टाळा. नाताळ ते नवीन वर्ष तर नावच काढू नका.

दादाच्या शीटमध्ये सगळं होतं, एकच गोष्ट नव्हती: चिऊची उंची. इथे बऱ्याच राइडवर वयाला किंमत नाही, दारात पट्टी घेऊन उभं करतात. सात बुटक्यांच्या खाणीतली गाडी, जिच्यासाठी दादाने सकाळचा सगळ्यात मोलाचा तास राखला होता, तिला ३८ इंच लागतात, म्हणजे ९७ सेंटिमीटर. स्पेस माउंटनला ४४ इंच. वहिनीने शिवणाच्या डब्यातून टेप काढली. चिऊला स्वयंपाकघराच्या चौकटीला टाच लावून उभं केलं. ती टाचा उचलत होती, आई वरून डोकं दाबत होती आणि दादा वाकून आकडा वाचत होता. पंचाण्णव. या वयाची मुलं वर्षाला साधारण सहा-सात सेंटिमीटर वाढतात, तेव्हा मेपर्यंत सत्त्याण्णव होतील किंवा होणारही नाहीत. चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. दादाला सांगितलं, ती राइड कागदावर ठेव, पण पोरीला आत्ताच सांगत बसू नकोस. दारात मोजून परत पाठवलेलं मूल कसं भोकाड पसरतं, ते मी रांगेत मागे उभी राहून पाहिलेलं आहे.

आणि समजा उंची भरली नाही, तरी मोठ्यांनी मन मारायचं कारण नाही. रायडर स्विच म्हणून सोय आहे. आई-बापांपैकी एक जण राइडला जातो, दुसरा मुलाला घेऊन थांबतो आणि नंतर दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग न लावता आत सोडतात. दारावरच्या माणसाला तसं आधी सांगायचं. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

पैसे पडतात ते लायटनिंग लेनचे, म्हणजे लांब रांग टाळून आत जायच्या वाटेचे. इथे दादाची गल्लत झाली होती, कारण त्याने सगळा अभ्यास जुन्या यूट्यूब व्हिडिओंवरून केलेला. १९९९ पासून फास्टपास नावाची फुकट सोय होती. ती आता गेली. २०२१ पासून रांग टाळायला पैसे मोजावे लागतात आणि २०२४ च्या जुलैपासून त्याचे नियम पुन्हा बदलले. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी बुकिंग करता येतं, बाहेरच्यांना तीन दिवस आधी. जुन्या व्हिडिओत दिसणारी मॅजिक किंगडममधली नदी आणि तिच्यातली मोठी बोटही २०२५ च्या जुलैत बंद झाली. तेव्हा व्हिडिओ बघताना आधी त्याची तारीख बघा. राहिला प्रश्न पैसे भरावेत का याचा. चार वर्षांच्या मुलासाठी, मेच्या सुरुवातीला, मी तरी भरणार नाही. उडत्या हत्तीचा पाळणा, चहाच्या कपांचं चक्र, बाहुल्यांमधून जाणारी बोट, असल्या राइडना सकाळी फार थांबावं लागत नाही. पीटर पॅनची रांग तेवढी कायम लांब. पार्क उघडताच तिथे गाठलं तर निभावतं.

सकाळी लवकर पोचायचं दडपण भारतातून येणाऱ्यांनी घेऊच नये. मेमध्ये फ्लोरिडाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. नुकतं विमानातून उतरलेलं मूल पहाटे तीन-चारला टक्क जागं होऊन "भूक लागली" म्हणतं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पोराने पहिल्या दिवसांत हेच केलंय. पहिला एक दिवस घरी काढा, पण झोप पुरती जुळायची वाट बघू नका. त्या पहाटेच्या जागरणाचा उपयोग करून घ्या, दार उघडायच्या आधी हजर व्हा. गाडी लावल्यापासून आत पाय टाकेपर्यंत मात्र पाऊण तास धरा, कारण मॅजिक किंगडमचं पार्किंग तळ्याच्या अलीकडे आहे आणि तिथून मोनोरेल किंवा बोटीने पलीकडे जावं लागतं. दादाने त्याला राजवाड्यापर्यंत धरून जेमतेम अर्धा तास दिला होता.

याच हिशोबाची दुसरी बाजू अशी, की तिथले दुपारचे दोन म्हणजे साताऱ्यातले रात्रीचे साडेअकरा. मूल त्या वेळेला कोसळणारच. दादाच्या शीटवर दोन वाजता परेड होती. मी तिथे "झोप" लिहिलं. टॅम्पाहून दुपारी घरी येऊन परत जाणं काही जमत नाही, म्हणून मी त्यांना पार्कच्या आसपास साध्या हॉटेलात एक रात्र काढायला सांगितलंय. तेही न जमलं तर बाबागाडीत झोप. बाबागाडीवरून वहिनीने आधी नाक मुरडलं. एवढी मोठी घोडी गाडीत बसवली तर साताऱ्यात पोवई नाक्यावर लोक हसतील, हे खरंच. इथे मात्र सहा-सहा वर्षांची मुलं पाय लोंबकळत बसलेली असतात. पार्कात भाड्याने मिळते ती कडक प्लास्टिकची, तिच्यात झोप लागणं अवघड. मागे कलणारी आमची घरची घेऊन जाऊ. ती ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब या मापात बसली की झालं. राइडबाहेर शंभर एकसारख्या बाबागाड्या लागतात आणि तिथले कर्मचारी त्या सरकवून नीट लावत असतात, त्यामुळे आपली ठेवली तिथेच सापडेल असं नाही. दांड्याला एखादी भडक ओढणी बांधा.

जेवणाचं आईने विचारलंच. बाहेरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची बरणी नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडीच्या वड्या, काहीही न्या. आत खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं. शाकाहारी मंडळींनी मेनूवर पानाची खूण बघायची, त्यात दूध-अंडंही नसतं. प्रत्येक पार्कात लहान मुलांसाठी बेबी केअर सेंटर आहे. तिथे उंच खुर्च्या आहेत, मायक्रोवेव्ह आहे, वातानुकूलित शांत जागा आहे. लहान मुलाला निवांत भरवायचं असेल तर याच्यासारखी सोय नाही. आणि हो, आई, येताना आंबे पाठवू नकोस, विमानतळावर काढून घेतात.

लहानपणी तात्या आम्हाला पुसेगावच्या जत्रेला न्यायचे, सेवागिरी महाराजांच्या रथाच्या दिवशी. काय बघायचं, कुठल्या पाळण्यात बसायचं, यातलं काही ठरलेलं नसायचं. ठरलेलं एकच, जे एसटीतून उतरल्या उतरल्या ते आमच्याकडून म्हणवून घ्यायचे: हात सुटला तर मंदिराच्या दारात येऊन थांबायचं, हलायचं नाही. मला अजून वाटतं की मुलाला घेऊन जाताना योजना असावी ती अशीच, बिनसलं तर काय करायचं याची. मजा कधी येईल हे शीटमध्ये बसत नाही. चिऊच्या दंडावर आम्ही पेनने फोन नंबर लिहिणार आहोत आणि छातीवर नावाची पांढरी पट्टी असलेल्या, पार्कात काम करणाऱ्या माणसाकडे जायचं, हे तिला सांगून ठेवणार आहोत. चुकलेल्या मुलाला ही माणसं सांभाळतात. दुपारी वीज चमकली की उघड्यावरच्या राइड बंद होतात. पावसाळा साधारण मेअखेरीस सुरू होतो, त्यामुळे रेनकोट घरूनच आणा. साताऱ्यात काय, रेनकोट सगळ्यांच्या घरी असतातच.

उरलेल्या वेळेचं काय करायचं, यावर दादाशी माझं अजून जुळलेलं नाही. मी म्हटलं, अकरा ते एक मोकळं सोड, पोरगी नेईल तिकडे जा. तो म्हणाला, "मोकळं म्हणजे नक्की काय?" मग मी त्याला आमच्याकडे येऊन गेलेल्या एका पाहुण्यांच्या मुलाचं सांगितलं. आई-बापांनी राजकन्येला भेटायची रांग लावली होती आणि हा टेबलाखाली वाकून बसलेला. खाली एक पांढरा पक्षी होता, लालसर पाय, विळ्यासारखी वाकडी लांब चोच. फ्लोरिडात हे आयबिस कुठेही माणसांत फिरतात. पक्षी त्याच्या हातातल्या बटाट्याच्या फोडीकडे तिरक्या नजरेने बघत होता, पोरगा फोड हळूच मागे घेत होता, की पक्षी एक पाऊल पुढे. बाप घड्याळ दाखवत "चल, चल" करत होता. राजकन्येसमोर नेल्यावर पोराने आईच्या कुर्त्यात तोंड खुपसलं ते बाहेर काढलंच नाही. सगळी मुलं त्या सोंगांना घाबरतात असं नाही, पण घाबरणारं मूल कुठल्या क्षणी घाबरेल ते सांगता येत नाही. पाखरांना खायला घालायला तिथे मनाई आहे, तेवढं मी त्याच्या आईला सांगितलं.

दादाने अकरा ते एक या रकान्यात "मोकळं" असं टाइप केलं आणि कंसात "जमल्यास कार्टून शो" लिहिलं. असो.

शेवटचा वाद आतषबाजीचा. रात्री नऊ-दहाला राजवाड्यावर फटाक्यांचा मोठा खेळ होतो आणि तो बघितल्याशिवाय गेलो तर डिस्नेला गेलो असं कसं म्हणायचं, असं दादाचं म्हणणं. चिऊ दिवाळीत सुतळी बाँबच्या आवाजाने पलंगाखाली जाते, असं वहिनीचं. त्यात राजवाड्यासमोर चांगली जागा हवी तर बराच आधीपासून गर्दीत उभं राहायचं, कडेवर झोपाळू पोर घेऊन. मी मधला मार्ग सुचवला. संध्याकाळी निघायचं, बोटीने अलीकडे यायचं आणि पार्किंगच्या बाजूच्या धक्क्यावर थांबायचं. तळ्यापलीकडची आतषबाजी तिथूनही दिसते आणि आवाजही बेताचा येतो. चिऊ जागी असली तर बघेल, घाबरली किंवा झोपली तर गाडी जवळच आहे. वहिनीला पटलं. दादा म्हणाला, धक्क्यावरून राजवाड्याचा फोटो किती मोठा येतो ते आधी सांग.